१२३४५६७८९ ही संख्या कागद-पेन घेऊन पूर्ण कशी उलगडायची

एक ते नऊ अंक ओळीने लिहिले की होतात बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. ही संख्या सगळ्यांनी कुठे ना कुठे टाइप केलेली असते, कीबोर्ड चेक करायला नाहीतर पासवर्ड म्हणून (ठेवू नका प्लीज), पण ती मूळ आहे का, नसेल तर तिचे अवयव कोणते, विभाजक किती, दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हे फारसं कोणी बघत बसत नाही. ऑनलाइन टूलमध्ये टाकली तर सेकंदात उत्तर येतं हे मान्य, पण मग हातात फक्त उत्तर राहतं, बाकी काही नाही. इथे सगळं हाताने करूया, साधा कॅल्क्युलेटर चालेल.

सुरू करायच्या आधी एक सवय. एखाद्या संख्येने भाग गेला नाही की आपण "नाही गेला" म्हणून पुढे जातो आणि बाकी विसरून जातो. ती विसरायची नाही, कागदाच्या कडेला लिहून ठेवायची. खाली बघालच, न गेलेल्या भागाकारांच्या बाक्याच पुढे सगळ्यात जास्त कामाला येतात.

आधी आकाराचा अंदाज

वर्गमूळ काढून घ्या, म्हणजे शोध कुठपर्यंत करायचा ते कळतं, कारण कुठल्याही संयुक्त संख्येचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसतो (दोन्ही मोठे असते तर गुणाकारच संख्येच्या पुढे गेला असता). इथे वर्गमूळ सोपंय. ११,१११ चा वर्ग १२३४५४३२१, हा जिना बऱ्याच जणांना पाठ असतो, आणि ११,११२ चा वर्ग १२३४७६५४४. आपली संख्या या दोघांच्या मधे, म्हणजे वर्गमूळ ११,१११ च्या किंचित पुढे, साधारण ११,१११.११. आणि हो, पूर्ण वर्ग नाही हेही इथेच ठरलं.

शेवटचे अंक काय सांगतात

शेवटी ९, म्हणजे विषम, ५ नेही भाग जात नाही. एवढं सगळेच बघतात. पण शेवटच्या दोन अंकांवरून ४ ची बाकी मिळते (८९ ला ४ ने भागा, बाकी १) आणि शेवटच्या तीन अंकांवरून ८ ची (७८९, बाकी ५), कारण १०० ला ४ ने आणि १००० ला ८ ने पूर्ण भाग जातो. दोन्ही लिहून ठेवा. विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागल्यावर बाकी कायम १ च येते, इथे ५ आलीये, म्हणजे वर्गमूळ काढलं नसतं तरी पूर्ण वर्ग नाही हे कळलंच असतं.

त्रिकोणी संख्या आहे का (म्हणजे १+२+३+… अशी बेरीज करत गेल्यावर मिळणारी) हे बघायचं असेल तर ८ ने गुणून १ मिळवायचा आणि उत्तर पूर्ण वर्ग येतंय का बघायचं. ८ × १२३४५६७८९ + १ = ९८७६५४३१३. शेवटी ३, आणि कुठलाही वर्ग २, ३, ७ किंवा ८ वर संपत नाही. विषय संपला.

अंकांची बेरीज

१ ते ९ ची बेरीज ४५, त्याला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. कारण १०, १००, १००० सगळ्यांना ९ ने भागलं की बाकी १, त्यामुळे अंक कुठल्या स्थानावर बसलाय याने काही फरक पडत नाही. यातून एक मजेशीर गोष्ट आपोआप निघते: १ ते ९ हे अंक एकेकदाच वापरून बनणाऱ्या संख्या ३,६२,८८० आहेत, त्या सगळ्यांना ९ ने भाग जातो, त्यातली एकही मूळ संख्या असूच शकत नाही. एकही चेक न करता साडेतीन लाखांपेक्षा जास्त संख्यांचा निकाल!

भागाकार करा: १२३४५६७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१. याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे पुन्हा ३ ने भाग जाणार नाही. तर ३ हा अवयव बरोबर दोनदा आहे.

जाता जाता, संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जात असेल तर तिला हर्षद संख्या म्हणतात, हे नाव आपल्या द. रा. कापरेकरांनी दिलेलं. ४५ ने भाग जायला शेवटी ० किंवा ५ लागेल, इथे ९ आहे, सो ही हर्षद नाही.

७, ११, १३ एका दमात

हे तिन्ही वेगवेगळे चेक करत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-वजा करायचे: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. आता नऊ अंकी संख्येऐवजी फक्त ४५६ बघायचं. ७ ने बाकी १, ११ ने बाकी ५, १३ ने बाकी १. एकानेही भाग नाही, पण बाक्या लिहून ठेवल्या ना?

तसंच ९९९ = २७ × ३७ म्हणून तेच गट नुसते मिळवले तर ३७ चं कळतं. १२३ + ४५६ + ७८९ = १३६८, आणि ३७ × ३७ = १३६९, फक्त एकाने हुकलं. बाकी ३६.

१७ ला सरळ भागा, बाकी १. पुढे १९, २३, २९… इथून कंटाळा सुरू होतो आणि इथेच बहुतेक लोक सोडून देतात, ते बरोबरच आहे, कारण या रस्त्याने चालत राहिलात तर पहिला नवीन अवयव सापडेपर्यंत पाचशेच्या वर मूळ संख्या तपासाव्या लागतील. ३६०७ ही ५०४ वी मूळ संख्या आहे (उत्तर फोडलं मी, असू दे).

आता फर्माची पद्धत

सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पिएर द फर्मा. साधारण १६४३ मधल्या एका पत्रात त्याने २०२७६५१२८१ ही संख्या ४४०२१ × ४६०६१ अशी फोडून दाखवली, हातानेच. आयडिया अशी, की विषम संख्येचे दोन अवयव असतील तर दोन्ही विषमच, म्हणजे त्यांच्या बरोबर मधोमध एक पूर्ण संख्या असते. मधल्या संख्येला म म्हणा आणि तिथून दोन्ही बाजूंचं अंतर अ. मग अवयव झाले म − अ आणि म + अ, आणि त्यांचा गुणाकार मवर्ग − अवर्ग. म्हणजे उलटं बोलायचं तर असा म शोधायचा की मवर्गातून आपली संख्या वजा केली की पूर्ण वर्ग उरेल. सुरुवात वर्गमूळाच्या लगेच पुढून.

आपल्याला १,३७,१७,४२१ फोडायचीय. हिचं वर्गमूळ नव्याने काढायची गरज नाही, मूळच्या संख्येचं ११,१११.११ होतं, ९ ने भागलंय म्हणजे वर्गमूळ ३ ने भागायचं, ३७०३.७०. तर म ३७०४ पासून सुरू.

३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. वजा केल्यावर उरले २१९५. पूर्ण वर्ग नाही, आणि त्यासाठी वर्गमूळ काढायलाही नको, ५ वर संपणारा वर्ग नेहमी २५ वरच संपतो, ९५ वर नाही.

३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५. वजा केल्यावर ९६०४. हा ९८ चा वर्ग!

झालं. ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. पाचशे भागाकारांच्या जागी दोन वजाबाक्या. खरं तर एकच पुरली असती: १,३७,१७,४२१ ला ४ ने भागलं की बाकी १, आणि कुठल्याही वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च येते, तर मवर्ग − अवर्ग ची बाकी १ हवी असेल तर म विषमच पाहिजे. म्हणजे ३७०४ कडे बघायचीही गरज नव्हती. चार ची बाकी कडेला लिहून ठेवायला लावली होती ती यासाठी, अर्धं काम तिथेच वाचतं.

पण हे चाललं कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. लांब असतील तर ही पद्धत साध्या भागाकारापेक्षाही वाईट, आणि जवळ आहेत का लांब हे आधी कळायला काही मार्ग नाही, म्हणून मी म च्या दहा-पंधरा किमती बघतो, नाही मिळालं तर गपचूप भागाकाराकडे परत. हीच गोष्ट आरएसए एन्क्रिप्शनमध्ये (माहिती गुप्त ठेवायची एक पद्धत) सिरियस होते, तिथे 'की', म्हणजे किल्ली, दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते, आणि त्या दोघी फार जवळ निवडल्या गेल्या तर ही पावणेचारशे वर्षं जुनी ट्रिक ती की तोडू शकते. म्हणून फिप्स १८६-५ या अमेरिकन स्टँडर्डमध्ये त्या दोघींत किमान किती अंतर पाहिजे याची अटच घातलीये.

संख्या संयुक्त आहे हे कळणं आणि तिचे अवयव सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही इथे लक्षात घ्या. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या फ्रेंच गणिती मेर्सेनने १६४४ मध्ये मूळ म्हणून यादीत टाकली होती, १८७६ मध्ये ल्युकाने ती मूळ नाही हे सिद्ध केलं पण एकही अवयव न देता, आणि अवयव मिळाले थेट १९०३ मध्ये, फ्रँक कोल यांना: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

३६०७ आणि ३८०३ खरंच मूळ आहेत का

ही स्टेप लोक गाळतात. गाळू नका. ३६०७ साठी ५९ पर्यंतच्या आणि ३८०३ साठी ६१ पर्यंतच्या मूळ संख्या बघायच्या. पूर्ण भागाकार नको, जवळचा ओळखीचा गुणाकार पकडायचा. ३५९९ = ५९ × ६१ (६० चा वर्ग वजा १), ३६०७ त्याच्या ८ पुढे, म्हणजे ५९ बाद. ३६०४ = १७ × २१२ आणि ५३ × ६८ सुद्धा, तीनने पुढे, दोन्ही बाद. ३५९६ = २९ × १२४ = ३१ × ११६, अकराने पुढे, बाद. ३८०३ च्या बाजूला ३८०० मधे १९ आहे, ३८०१ मधे ७, ३७९९ मधे २९. उरलेल्या तुम्ही करा, दहा मिनिटांचं काम आहे, एकानेही भाग जात नाही. दोन्ही मूळ.

म्हणजे १२३४५६७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३.

आता ताळा, आणि त्यासाठी मोठा गुणाकार नको, कडेच्या बाक्या काढा. ११ ने भागल्यावर ३६०७ ची बाकी १०, ३८०३ ची ८, आणि ९ ची ९. १० × ८ × ९ = ७२०, त्याला ११ ने भागा, बाकी ५. वर गटांवरून ५ च आली होती. १३ चं बघा: ६ × ७ × ९ = ३७८, बाकी १, जुळलं. १७ चं: ३ × १२ × ९ = ३२४, बाकी १, तेही जुळलं. एका बाकीचा ताळा चुकून जुळू शकतो, तीन वेगळ्या जुळल्या की मी निवांत असतो.

अवयव मिळाले की पुढचं फटाफट

विभाजक किती: प्रत्येक मूळ अवयव जितक्यांदा आलाय त्यात (म्हणजे घातांकात) १ मिळवून गुणाकार, ३ × २ × २ = १२. जोड्या लावून लिहिल्या तर १ आणि स्वतः, ३ आणि ४,११,५२,२६३, ९ आणि १,३७,१७,४२१, ३६०७ आणि ३४,२२७, ३८०३ आणि ३२,४६३, आणि १०,८२१ व ११,४०९.

सगळ्या विभाजकांची बेरीज (१+३+९) × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. यातून स्वतःला वगळलं तर उरतात ५,४९,६६,०२७, संख्येच्या निम्म्याहूनही कमी. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येएवढीच येते, तर ही त्याच्या जवळपासही नाही.

१ पासून इथपर्यंतच्या किती संख्यांशी हिचा एकही सामाईक अवयव नाही? ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. साधारण तीनातल्या दोन, कारण खरी गाळणी ३ चीच आहे, ३६०७ आणि ३८०३ क्वचितच कोणाला अडवतात. बायनरीत लिहिली तर २७ बिट, त्यात १६ एक. बस.

दोन वर्गांचा फरक म्हणून ही सहा प्रकारे लिहिता येते, विभाजकांच्या प्रत्येक जोडीमागे एक. सगळ्यात देखणा १०,८२१ आणि ११,४०९ वाला: ११,११५ चा वर्ग वजा २९४ चा वर्ग.

दोन वर्गांची बेरीज मात्र येत नाही, आणि इथे फसायला होतं. ४ ने बाकी १ आहे म्हटल्यावर जमेल असं वाटतं. पण नियम असाय की ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला पाहिजे. ३ दोनदा आलाय, ठीक, पण ३६०७ आणि ३८०३ दोघांचीही बाकी ३ आणि दोघं एकेकदाच. दोघांच्या बाक्या गुणून ९, म्हणून बाहेरून १ दिसते, आत गडबड. तीन वर्गांच्या बेरजेला अडचण नाही, ती फक्त ८ ची बाकी ७ असलेल्या (किंवा तशा संख्येला ४ ने वारंवार गुणून मिळणाऱ्या) संख्यांना जमत नाही, आपली बाकी ५.

अंकांच्या गमती

२ ने गुणा, २४६९१३५७८. ४ ने, ४९३८२७१५६. ५ ने ६१७२८३९४५, ७ ने ८६४१९७५२३, ८ ने ९८७६५४३१२. प्रत्येकात १ ते ९ पुन्हा एकेकदाच! ३ आणि ६ ने गुणलं की मात्र ३७०३७०३६७ आणि ७४०७४०७३४, पॅटर्न तुटतो. ९ ने गुणून १० मिळवा, ओळीने दहा एक येतात.

८ ने गुणून ९ मिळवले की ९८७६५४३२१, म्हणजे उलटी संख्या. त्यामुळे या दोघींचा मसावि दोन पायऱ्यांत मिळतो: मोठीला लहानीने भागा, भागाकार ८, बाकी ९, आणि ९ ने लहानीला पूर्ण भाग जातो. मसावि ९.

टूलबद्दल एकच. एक्सेल १५ अंकांपुढचं शून्य करून टाकतं, न सांगता, त्यामुळे यापेक्षा बऱ्याच मोठ्या संख्या घेणार असाल तर तिथे करू नका. लिनक्स असेल तर टर्मिनलमधली फॅक्टर कमांड बेस्ट.

उलटी संख्या करून बघा

९८७६५४३२१ ला ९ ने भागा, १०,९७,३९,३६९. इथे फर्मा लावलात तर म १०,४७६ पासून थेट १,९०,००५ पर्यंत न्यावा लागेल, विसरा. साधी १७ ची कसोटी लावा, शेवटचा अंक काढून त्याची पाचपट उरलेल्यातून वजा करत जायची: १०९७३८९१, १०९७३८४, १०९७१८, १०९३१, १०८८, ६८. भाग जातो! भागून ६४,५५,२५७, त्याला परत १७ ने भाग जातो, उरले ३,७९,७२१. ही मूळ आहे, पण ते तपासायला ६१३ पर्यंतच्या ११२ मूळ संख्या लागतात, इथे खुशाल कंप्युटर वापरा.

आता ३,७९,७२१ ला ४ ने भागल्यावर बाकी १, म्हणजे ही दोन वर्गांची बेरीज असणारच. शोधायची कशी? ८ ची बाकी १ आहे म्हणून दोघांतल्या सम संख्येला ४ ने भाग गेला पाहिजे. ५ ची बाकी १, म्हणून दोघांपैकी एकीला ५ ने भाग जातो. ३ ची बाकी २, म्हणून ३ ने एकीलाही नाही. समजा ४ वालीच ५ वाली, तर बघायच्या फक्त २०, ४०, ८०, १००… २० नाही, ४० नाही, ८० चा वर्ग ६४०० वजा केला की ३,७३,३२१, आणि तो ६११ चा वर्ग. दोघांना ३ × १७ = ५१ ने गुणा, झालं: ९८७६५४३२१ = ३११६१ चा वर्ग + ४०८० चा वर्ग.